बुरशीच्या पोटातला भाडेकरू

दोस्तांनो, पावसाळ्यात डब्यात विसरलेला पाव कधी पाहिलाय? आधी त्यावर पांढरा कापूस दिसतो, मग काळे ठिपके! ही बहुतेक वेळा ऱ्हायझोपस नावाची बुरशी असते. ते काळे ठिपके म्हणजे तिच्या बीजाणूंच्या पिशव्या.

हिचीच एक बहीण भाताच्या कोवळ्या रोपांच्या मुळावर उठते, अगदी खरोखर! मुळांची टोकं सुजतात, वाढ खुंटते आणि रोपं माना टाकतात. या बुरशीच्या वाढीत एक जहाल विष असतं. १९८४ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याची रचना शोधून काढली. त्याचं नाव ऱ्हायझॉक्सिन. हे विष रोपाच्या पेशींचं विभाजनच थांबवतं. झालं! गुन्हेगार सापडला, असंच सगळ्यांना वाटलं.

पण थांबा! २००५ साली जर्मनीतल्या येना शहरात लैला पार्टिडा-मार्टिनेझ आणि ख्रिश्चन हर्टवेक या शास्त्रज्ञांनी या बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली नीट न्याहाळले. आत चक्क जिवाणू राहत होते! मग त्यांनी एक युक्ती केली. बुरशीला प्रतिजैविक दिलं. त्यानं जिवाणू मेले, बुरशी मात्र जगली. पण आता तिच्यात विषाचा मागमूस नव्हता. उलट, जिवाणू वेगळे काढून वाढवले, तर त्यांनी एकट्यानंच विष बनवलं. म्हणजे इतकी वर्षं नाव बुरशीचं आणि विष भाडेकरूचं!

गंमत इथंच संपत नाही. २००७ मध्ये कळलं, की भाडेकरू गेला की या बुरशीला बीजाणूच तयार करता येत नाहीत. त्याला परत आत आणलं, की पुन्हा बीजाणू हजर! आणि त्या बीजाणूंत बसून भाडेकरूही नव्या घरी निघतो. जिवाणू विष पुरवतो, बुरशी घर देते आणि मेलेल्या रोपावर दोघांचंही पोट भरतं. आता सांगा, मालक कोण आणि भाडेकरू कोण?

ऱ्हायझोपसच्या सगळ्याच जातींत हा पाहुणा नसतो बरं का! पण म्हणून बुरशी आलेला पाव हुंगायचा किंवा खायचा नाही. तो सरळ फेकून द्यायचा.

आणि एक लक्षात ठेवा : रोपाला रोग झाला, की ‘कोणी केला?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘त्याच्या सोबतीला कोण होतं?’ हेही विचारायला हवं. येनातल्या दोघांनी तेवढंच तर केलं!