विरोधक उरला नाही, उत्तरदायित्व उरले आहे

राजकीय बातमीचे आयुष्य अल्प असते. सकाळच्या चहाबरोबर ती वाचली जाते, दुपारी बसस्थानकावर आणि बाजार समितीच्या आवारात तिच्यावर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा नवी बातमी घेते. मात्र वर्षभराच्या बातम्या एकापुढे एक मांडल्या की, त्यांतून रोजच्या गदारोळात न दिसलेले एक चित्र उभे राहते. २०२५ या वर्षात महाराष्ट्राच्या राजकारणात जे घडले, त्याचे खान्देशात उमटलेले पडसाद असे एकत्र पाहिले, तर जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते एकच वाक्य हाती लागते : येथे विरोधी पक्ष जवळजवळ संपला आहे. या वाक्याने कोणाला आनंद होईल, कोणाला दुःख. आमच्या मते आनंदाआधी विचाराची आणि विचाराबरोबर थोड्या चिंतेचीही ही वेळ आहे.

आधी घटनाक्रम पाहू. जून २०२४ च्या लोकसभा निकालात जळगावातून स्मिता वाघ आणि रावेरमधून रक्षा खडसे अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. धुळ्यात मात्र डॉ. सुभाष भामरे यांना काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांच्याकडून अवघ्या ३,८३१ मतांनी पराभव पत्करावा लागला. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आघाडी घेऊनही जागा गेली. 'माझ्या एका मताने काय होणार' असे म्हणून उन्हाचे कारण सांगत घरी बसणाऱ्यांना त्या आकड्याने उत्तर दिले. हा धडा कार्यकर्त्यांनी गांभीर्याने घेतला. पाचच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या जळगाव जिल्ह्यातील ११ आणि धुळे जिल्ह्यातील ५ अशा सर्वच्या सर्व १६ जागा महायुतीने जिंकल्या. डिसेंबरमध्ये नागपूर येथे झालेल्या विस्तारात गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल असे चार मंत्री या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आले. केंद्रात रक्षा खडसे राज्यमंत्री होत्याच.

निवडणुकीत पराभूत झालेल्यांचा ओघ त्यानंतर सत्तेकडे वळला. मे २०२५ मध्ये शरद पवार यांच्या पक्षातील माजी मंत्री गुलाबराव देवकर आणि डॉ. सतीश पाटील अजित पवार यांच्या पक्षात दाखल झाले. १ जुलै २०२५ रोजी धुळे ग्रामीणचे माजी आमदार आणि काँग्रेसचे प्रदेश कार्याध्यक्ष कुणाल पाटील यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. आजोबा चुडामण आनंदा पाटील, वडील रोहिदास पाटील आणि स्वतः कुणाल अशा तीन पिढ्यांनी धुळ्यात काँग्रेसचे घर सांभाळले होते. ज्या खान्देशात, यावल तालुक्यातील फैजपूर येथे, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, त्याच खान्देशातील या दोन जिल्ह्यांतून २०२४ च्या निवडणुकीत त्या पक्षाचा एकही आमदार निवडून आला नाही आणि वर्षभराच्या आत उरलेसुरले नेतृत्वही निघून गेले. इतिहासाचे चक्र असे फिरते.

वर्षाच्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या. या निवडणुका वर्षानुवर्षे लांबलेल्या होत्या. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्येच संपली होती आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचे राज्य होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निर्देश दिल्यावर हे चाक हलले. नोव्हेंबरमध्ये अर्जांच्या छाननी आणि माघारीनंतर जी बातमी आली, ती आमच्या मते वर्षातील सर्वांत बोलकी बातमी होती. जामनेरच्या नगराध्यक्षपदी मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन बिनविरोध निवडून आल्या. दोंडाईचात मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल नगराध्यक्ष झाल्या आणि त्यांच्यासह संपूर्ण नगरपालिकाच मतदानाविना निवडली गेली. जानेवारी २०२६ मध्ये जळगाव आणि धुळे महापालिकांतही काही जागांचा निर्णय मतदानाआधीच झाला होता.

बिनविरोध निवडीत बेकायदेशीर काही नाही. गावात एकोपा असावा, निवडणुकीच्या निमित्ताने भाऊबंदकी वाढू नये, खर्च वाचावा, या भावनेने आपल्याकडे अनेक ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या आहेत आणि त्याचे कौतुकही झाले आहे. परंतु चारशे उंबऱ्यांचे गाव देवळाच्या पारावर बसून एकमताने निर्णय घेते, तेव्हा त्या निर्णयात गाव सहभागी असते. हजारो मतदारांच्या शहरात उमेदवारी अर्ज मागे घेतले जातात, तेव्हा मतदाराला कोणी काही विचारलेले नसते. ज्याचे मत अनुकूल आहे, त्यालाही ते नोंदविण्याची संधी मिळत नाही. विजय निर्विवाद असतो, पण जनादेश कागदावरच राहतो. ज्यांच्या पाठीशी जनता आहे, त्यांनी जनतेच्या दारात जाण्याचा एक प्रसंग कमी का करून घ्यावा?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. विरोधक उभेच राहिले नाहीत, त्याला आम्ही काय करणार? हे उत्तर चूक नाही. विरोधी पक्ष टिकविणे हे सत्ताधाऱ्यांचे काम नव्हे. अनेक वर्षे सत्तेच्या उबेवर जगलेल्या पक्षांना सत्तेबाहेर दोन हिवाळे काढता येत नसतील, तर दोष त्यांच्या पिंडाचा आहे. या बाबतीत खान्देशचा स्वतःचा इतिहास त्यांना आणि आपल्यालाही काही सांगतो. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनसंघाचे देशभरातून अवघे चार खासदार निवडून आले. त्या चारांपैकी एक धुळ्याचे उत्तमराव पाटील होते. समोर बलाढ्य काँग्रेस, हाताशी ना पैसा ना साधने. सायकलवरून गावे पालथी घालणारे, भिंतीवर स्वतः दिवा रंगविणारे आणि घरून बांधून आणलेली भाकरी शेताच्या बांधावर खाणारे कार्यकर्ते हेच भांडवल. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांच्या वाट्याला पराभव आले, आणीबाणीत तुरुंगवास आला, पण कोणी दार बदलले नाही. विरोधात राहून प्रश्न विचारणे हेही राष्ट्रकार्यच आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

ज्या परंपरेने इतका दीर्घ काळ विरोधी बाकांवर बसून सत्तेला जाब विचारला, तिच्या वारसांना सत्तेला जाब विचारणारा कोणी उरला नाही याची चिंता वाटली पाहिजे. ती विरोधकांसाठी नव्हे, स्वतःसाठी. दक्षतेविना सत्ता कशी घसरते, याचे उदाहरण शोधण्यास जळगावकरांना दूर जावे लागत नाही. तत्कालीन जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत नेमके हेच झाले. गरिबांच्या घरांसाठी आखलेली योजना, पालिकेवर एका गटाचे निर्विवाद वर्चस्व आणि प्रश्न विचारणारे मोजके. पुढे महापालिकेच्या आयुक्तांनी २००६ मध्ये तक्रार नोंदविली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यात वेगवेगळ्या पक्षांची मंडळी होती. सभागृहात त्या वेळी दहा माणसांनी जरी उठून हिशेब मागितला असता, तर गरिबांची घरेही उभी राहिली असती आणि शहराच्या माथी बसलेले कर्जाचे ओझेही हलके झाले असते.

२०२५ च्या मे महिन्यात धुळ्यानेही अशीच एक अप्रिय बातमी पाहिली. विधिमंडळाची अंदाज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीतून १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड हाती लागली. खोलीबाहेर ठाण मांडून बसले, ते माजी आमदार अनिल गोटे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथकाकडे चौकशी सोपविण्याची घोषणा केली, हे योग्यच झाले. दोष कोणाचा, हे तपास आणि न्यायालय ठरवील. मुद्दा वेगळा आहे. त्या रात्री ती खोली उघडण्याचा आग्रह धरणारा कोणी नसता, तर? सत्ताधाऱ्यांना गैरसोयीचा वाटणारा हा आवाज राज्यकारभाराला मात्र उपकारक ठरतो.

आता जे घाऊक पक्षप्रवेश झाले, त्यांचाही विचार केला पाहिजे. संघटना वाढते ती माणसे जोडून, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. येणाऱ्याचे स्वागत करणे हा आपला स्वभाव आहे. पण दुधात साखर विरघळते तेव्हा दूध गोड होते. साखरेपेक्षा पाणीच अधिक पडत गेले, तर दुधाचा रंग तेवढा उरतो. काल ज्यांच्या विरोधात सभा घेतल्या, त्यांच्या स्वागतासाठी आज सतरंज्या अंथरायच्या, हे ज्येष्ठ कार्यकर्ता निमूटपणे करतो. त्याला उमेदवारी मिळत नाही, याचे त्याला फारसे दुःख नसते. त्याची वेदना एवढीच की, ज्या कारणासाठी आपण झटलो, ते कारण आता बैठकीत कोणी बोलत नाही. एकनाथ खडसे यांच्यासारखा, पक्ष वाढविण्यात आयुष्य वेचलेला नेता २०२० मध्ये बाहेर पडला, तेव्हा खान्देशातील घराघरात जी हळहळ व्यक्त झाली, ती कोण बरोबर आणि कोण चूक यापलीकडची होती.

मग करायचे काय? विरोधक कृत्रिमरीत्या निर्माण करता येत नाही, पण जाब विचारण्याचे काम समाजाला स्वतःकडे घेता येते. त्यासाठी विषयांची उणीव नाही. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. ३१.१३ अब्ज घनफूट पाण्याच्या या योजनेतून महाराष्ट्राच्या वाट्याला १९.३६ अब्ज घनफूट पाणी यावयाचे असून २ लाख ३४ हजार हेक्टरहून अधिक क्षेत्राला त्याचा लाभ अपेक्षित आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कूपनलिका दरवर्षी अधिक खोल न्यावी लागते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कराराचे मोल सांगावे लागणार नाही. निवडणुकीच्या सर्व बातम्यांपेक्षा ही बातमी मोठी होती. तिच्या जोडीला ७,०१५ कोटींच्या नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये मिळालेली मंजुरी आहे, त्याच वर्षीच्या २ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग आहे आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात पायाभरणी झालेली सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजना आहे.

घोषणा आणि प्रत्यक्ष पाणी यांत किती अंतर पडू शकते, हे अमळनेर तालुक्यातील पाडळसे धरणाकडे पाहिले की कळते. निम्न तापी प्रकल्प म्हणून कागदावर आलेले हे काम पाव शतकाहून अधिक काळ रेंगाळले. या काळात अनेक सरकारे आली, गेली. प्रत्येकाला दोष देण्यासाठी आधीचे सरकार उपलब्ध होते. आता ती सोय राहिलेली नाही. मुंबईत, दिल्लीत आणि महापालिकेत एकाच विचाराचे शासन, जिल्ह्यातील सर्व आमदार त्याच बाजूचे आणि मंत्रीही घरचे. तापी महामंडळाचे खाते गिरीश महाजन यांच्याकडे, पाणीपुरवठा गुलाबराव पाटील यांच्याकडे आणि शेतमालाचे पणन जयकुमार रावल यांच्याकडे असताना खान्देशच्या शेतात पाणी आले नाही आणि कापसाला-केळीला भाव मिळाला नाही, तर बोट दाखवायचे कोणाकडे?

म्हणून जळगाव-धुळ्यातील आमच्या वाचकांना, विशेषतः कार्यकर्त्यांना, एक विनंती आहे. आपल्या नगरातील सभेचा विषयपत्रिकेसह पाठपुरावा करणारी पाच-सात जाणत्या नागरिकांची मंडळी प्रत्येक प्रभागात उभी राहू शकते. निवृत्त शिक्षक, अभियंता, लेखापाल, गृहिणी यांनी महिन्यातून एक सायंकाळ दिली तरी पुरे. कोणते काम मंजूर झाले, निधी किती आला, किती खर्च झाला, काम कोठवर आले, एवढे चारच प्रश्न. पण ते नियमाने आणि निर्भयपणे विचारावेत. विचारताना आवाज चढविण्याची गरज नाही, संकोच बाळगण्याचीही नाही. आपल्या माणसाला विचारलेला प्रश्न हा द्रोह नव्हे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने मुलाचे प्रगतिपुस्तक मागावे, तसा तो हक्काचा आणि ममतेचा प्रश्न आहे.

१९५७ मध्ये विरोधकाच्या भूमिकेतून जे काम उत्तमरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, तेच काम आता सत्तेच्या अंगणात उभे राहून करावयाचे आहे. ते अधिक अवघड आहे, कारण परक्याला जाब विचारण्यास धैर्य लागते, तर आपल्या माणसाला विचारण्यास धैर्याबरोबर निष्ठाही लागते. सोळाच्या सोळा जागा देऊन खान्देशने आपल्या बाजूचा व्यवहार पूर्ण केला आहे. आता पावती मागण्याची वेळ आहे, आणि ती मागण्याचा पहिला अधिकार ज्यांनी घाम गाळला त्यांचा आहे.