मेलेलं माकड दिसलं तर?

पावसाळा आला की आपल्या शाळांमधून डेंग्यूवरचा निबंध हमखास लिहिला जातो. पिंपं झाका, कोरडा दिवस पाळा, डबकी बुजवा. चांगलंच आहे. पण दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या मुलांच्या वहीत माकडताप का नसतो?

हा आजार 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली. नाव माकडताप असलं तरी माणसाला तो होतो गोचीड चावल्यामुळे. 3 ते 5 टक्के रुग्ण दगावतात, आणि त्यावर नेमकं औषध नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन पातेरा गोळा करायचा आणि काजू बिया वेचायचा. पावसाळ्यातला निबंध इथे काय कामाचा!

या विषाणूमुळे माकडं, वानरं मरतात. म्हणूनच जंगलात मेलेलं माकड ही गावाला मिळालेली पहिली सूचना असते. त्याचं अंग थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. वेळेत कळलं तर नमुने तपासायला जातात, तिथे कीटकनाशक पावडर मारता येते. पण कळवणार कोण? सरकारी माणूस काही रोज रानात फिरत नाही. फिरतात ते गुराखी, काजूवाले आणि सुट्टीच्या दिवशी आपलीच मुलं.

इथे एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलली पाहिजे. माकड म्हणजे आपल्याला मारुतीचं रूप. ते मेलं की चार माणसं जमतात, हळद-कुंकू, नारळ होतो, उचलून नेऊन पुरतात. या भावनेची मी टिंगल करणार नाही. पण तेव्हाच गोचिडी अंगावर चढायचा धोका असतो. नमस्कार लांबून करावा, हात लावू नये, आधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवावं. काहीजण चौकशी मागे लागेल म्हणून गप्प बसतात. अशा वेळी शाळेने फोन केला तर त्यांनाही सोपं जातं.

मुलांना रानात माकडं शोधायला पाठवा, असं मी म्हणत नाही. तसं मुळीच करू नये. सोमवारच्या परिपाठात एवढंच विचारा, "कुणी काही पाहिलं का रे?" आणि पालकहो, बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवा, आंघोळ करताना मुलांचं अंग नीट बघा. गोचिडीची पिल्लं तिळाहून लहान असतात, सहज दिसत नाहीत.