फरशीचा ढाळ कुणाला विचारून?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची फरशी काढली. घर पुण्यातलं, जुनं, तळमजल्यावरचं. मोरीच्या अलीकडची शहाबादी फरशी खचली होती. फ्रीजच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी असायची आणि सांडलेलं पाणी मोरीकडे न जाता कपाटाखाली शिरायचं. हे किती वर्षं चाललं होतं? मोजलं तर 12! घरात सगळे म्हणायचे, ‘चालतंय की.’ चालत होतं, कारण पुसायला बाई होती. कधी मी, पण जास्त करून भांड्यांना येणाऱ्या मावशी.

गवंडी आले ते माझ्या नवऱ्याशी बोलले. ‘साहेब, फोडाफोडी कशाला? आहे त्यावरच टाइल्स मारू. दोन दिवसांत मोकळे.’ नवऱ्याला पटलं. खरं सांगायचं तर मीही मान डोलावणार होते. घर उकरलं की धूळ आपणच झाडायची आणि चार दिवसांचा स्वयंपाक पुढच्या खोलीत आपणच मांडायचा. म्हणून अशा वेळी आपणही ‘लवकर उरका’च्या बाजूने होतो.

मावशी भांडी घासताघासताच म्हणाल्या, ‘ताई, खाली पोकळ आहे. वाजवून बघा.’ मुठीने ठोकून त्यांनी चार फरश्या दाखवल्या. ‘आणि ती चकचकीत नको. साबणाच्या पाण्यात पाय जातो.’ आदल्या पावसाळ्यात त्या तिथेच घसरल्या होत्या, मनगट सुजलं होतं. मी मलम दिलं, दोन दिवसांची रजा दिली आणि स्वतःला फार चांगली समजले. फरशीचं काय करायचं, हे मात्र त्यांना विचारलं नव्हतं. मला कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार. मी कुणाला विचारलं नाही, हे लक्षातही आलं नाही.

मावशींचं बरोबरच होतं. सांध्यांतून पाणी मुरून खालचा भराव बसला होता. वरून टाइल्स चिकटवल्या असत्या तर त्याही त्याच जागी पोकळ वाजल्या असत्या, तडकल्या असत्या. शिवाय जमीन इंचभर वर आली असती. मग दार घासणार, उंबऱ्याशी ठेच लागणार आणि ओटा तिथेच राहिल्याने उभ्याने काम करणारीला इंचभर जास्त वाकावं लागणार. हा इंच कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

शेवटी फरशी उखडली. मुरूम घालून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घेतला, वर काँक्रीटचा थर दिला. मग पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढली. नळीत बुडबुडा राहिला नाही तर दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहतं. त्यात गूढ असं काही नाही. दुसरं टोक मी धरलं. गवंडी जरा अवघडले. फ्रीज आणि कपाटाची जागा सपाट ठेवली, तिथून मोरीकडे 10 फुटांना साधारण सव्वा इंच ढाळ दिला.

त्या कामावर एक बाई बिगारी होती. मालात पाणी किती हवं हे ती नजरेने सांगायची, पण थापी तिच्या हाती कधीच नाही. बाई म्हणजे घमेलं, असं जणू ठरलेलंच. आणि आपण मात्र ‘कुशल’ माणसाला जास्त मजुरी देऊन मोकळ्या होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये घरदुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या होत्या. घर मजबूत कसं करायचं हे शिकून त्यांनी गावाला सांगितलं. त्यासाठी भूकंपच व्हावा लागतो का?

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत दिली. ती हवीच होती. पण कागदावर नाव आलं तरी ओट्याची उंची कंत्राटदार आणि घरातला पुरुषच ठरवणार असतील, तर मालकी कसली?

आमच्या मंडळाच्या बैठकीत हे बोलले तेव्हा एकजण म्हणाली, ‘फरशी हा काय विषय झाला?’ मला वाटतं, झाला. एकदा घातलेली फरशी वीस-पंचवीस वर्षं तशीच राहते. तेवढी वर्षं तिच्यावर कुणीतरी उकिडवी बसणार, कुणीतरी उभी राहणार. मंडळाने एक नळी घेऊन ठेवावी, जिच्या घरी काम निघेल तिच्याकडे दोघींनी जावं. बादलीभर पाणी ओतून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आमच्याकडे मावशींनीच बादली ओतली. पाणी मोरीत गेलं, फक्त उंबऱ्याजवळ तळहाताएवढं थारोळं राहिलं. गवंडी म्हणाले, ‘एवढं चालतं, ताई.’ मावशी म्हणाल्या, ‘नाही चालत.’ दोन टाइल्स उचलून पुन्हा बसवल्या. त्याचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मीही दिले नाहीत.