न दिसणारा धूर

स्वारगेटला बसचा धूर तुम्हांला दिसतो. पण बसचा झिजलेला ब्रेक ड्रम ज्या लेथ मशीनवर कातून सारखा करतात, तिचा धूर दिसतो का? तो निघतो दूर, चंद्रपूरसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रात. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. कारागीर पुढचा ड्रम शोधत असतो आणि मोटर रिकामीच फिरते. कीस पडत नाही, मीटर मात्र पळतो. ‘सारखे बंद-चालू कोण करणार?’ असे ते म्हणतात. दोन मिनिटांपुरते ठीक. पण जेवणाच्या सुट्टीतही? हे मला पटत नाही. तुमच्यापैकी काहीजण पुढे टर्नर व्हाल. सुट्टी झाली की मोटर बंद करा. उस्ताद रागावले, तर त्यांना मीटर दाखवा.