देमार चित्रपटातील सूर

चेन्नई शहराच्या दक्षिणेस वसलेल्या वेलचेरीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे त्या तेथे राहतात. वेलचेरी हे एके काळी तलावाकाठचे, पळ्ळिकरणैच्या दलदलीजवळचे गाव. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत, २००७ सालापासून उन्नत लोहमार्गाची गाडी धावते आहे, आणि संगणक-व्यवसायामुळे देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे एकाच जिन्याने चढत-उतरत आहेत. या भगिनींच्या शेजारी एक आसामी कुटुंब आहे. त्या घरातील मुलाकडून त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजीवाने ‘मिशन चायना’ या आसामी चित्रपटातील गाणी उचलली असून तो दिवसभर ती गुणगुणत असतो. चित्रपट देमार, भाषा अनोळखी! तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. मारामारीच्या चित्रपटाला संगीत हवेच कशाला? असले संगीत संगीत या नावास पात्र आहे काय? आणि ज्या भाषेतील एक शब्दही कळत नाही, तिची गाणी मुलाच्या कानी पडू द्यावीत काय?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. अनेक घरांतून ते मनात येत असतील. म्हणून या महिन्याचे हे पान त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रथम त्या चित्रपटाविषयी. ‘मिशन चायना’ २०१७ साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन जुबिन गर्ग यांनी केले, नायकाची भूमिका त्यांनीच केली आणि संगीतही त्यांचेच. हे गृहस्थ मूळचे गायक. आसामात त्यांच्या गाण्यांना जे प्रेम लाभले, त्याची कल्पना १९ सप्टेंबर २०२५ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले तेव्हा साऱ्या देशाला आली. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘रोइ रोइ बिनाले’ त्यानंतर ३१ ऑक्टोबरला प्रदर्शित झाला. आसामबाहेरच्या शहरांतूनही लोकांनी त्यासाठी गर्दी केली.

गायकाने देमार चित्रपट काढावा यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ज्या भाषेचा प्रेक्षकवर्ग लहान आहे, तिच्या निर्मात्याजवळ मोठ्या लढाया व महागडी यंत्रे यांसाठी पैसा कोठून येणार? त्याचे खरे भांडवल गाणे हेच असते. गाणे चित्रपटाच्या आधी घरोघर पोहोचते आणि चित्रपट उतरल्यावरही मागे राहते. आसामी बोलपटाचा जन्मच मुळी एका गीतकाराच्या हातून झाला. १९३५ साली ‘जयमती’ हा पहिला आसामी बोलपट काढणारे ज्योतिप्रसाद आगरवाला हे कवी आणि स्वररचनाकार होते. चित्रण पुरे झाल्यावर ध्वनिमुद्रणात मोठा दोष आढळला, तेव्हा त्यांनी स्त्री-पुरुष सर्व पात्रांचे संवाद स्वतःच्या आवाजात भरून काढले. पुढे १९५६ साली भूपेन हजारिका यांनी ‘एरा बाटर सुर’ दिग्दर्शित केला आणि त्यात आसामी गीत गाण्यासाठी आपल्या लता मंगेशकरांना बोलावले. तेव्हा आसामी सूर आणि मराठी कंठ यांची ओळख तशी जुनीच आहे.

आता पहिला प्रश्न. मारामारीला संगीत कशाला? मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत. नायकाने घोड्यावर टाच मारली की तबलजी दुगुन धरी, आणि पिटातील प्रेक्षकांना कोणी न सांगता कळे की आता पाठलाग सुरू झाला. हे कार्य आजही बदललेले नाही. मारामारी म्हणजे हालचाल, आणि हालचालीला लय लागते. ठोसा केव्हा बसणार याची अपेक्षा लय निर्माण करते. आणि ऐन क्षणी वाद्ये एकाएकी थांबली की त्या शांततेतच तो ठोसा अधिक जोराने लागल्यासारखा वाटतो. नुसता गोंगाट करणे हे अडाणी संगीतकाराचे लक्षण. जाणता संगीतकार आवाज कोठे वाढवावा यापेक्षा कोठे थांबवावा याचाच विचार अधिक करतो.

याचे उत्तम उदाहरण चेन्नईचेच आहे. एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओने १९४८ साली काढलेल्या ‘चंद्रलेखा’त प्रचंड आकाराच्या नगाऱ्यांवर शेकडो नर्तिकांचे नृत्य होते. नृत्य संपते आणि त्या नगाऱ्यांच्या पोटातून लपलेले सैनिक बाहेर पडतात! गाणे कोठे संपले आणि लढाई कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. कारण नगारा हे एकाच वेळी वाद्यही आहे आणि लढाईचा डावही. त्यामागून येणारे दीर्घ तलवारयुद्ध प्रेक्षकांच्या मनावर ठसते, ते त्या नगाऱ्यांनी रक्ताला आधीच चढवलेल्या लयीमुळे.

दुसरा व तिसरा प्रश्न एकत्रच घेऊ. कारण त्यांचे उत्तर एकाच मराठी माणसाच्या चरित्रात सापडते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच आपल्या सर्वांच्या परिचयाचे सी. रामचंद्र. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. ‘नागानंद’ या १९३५ सालच्या चित्रपटात त्यांनी नायकाचे काम केले, पण ते यश टिकले नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक भूमिका आणि पेटीची साथ, असे दिवस आले.

अशा वेळी त्यांना भगवान पालव भेटले. भगवानदादांना आपण ‘अलबेला’तील नाचासाठी ओळखतो, परंतु त्याआधीची दहा-बारा वर्षे हा गिरणी कामगाराचा मुलगा अल्प भांडवलात स्टंटपट काढीत होता. १९३८ सालचा ‘बहादुर किसान’ हे चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी केलेले पहिले दिग्दर्शन. प्रतिष्ठित मंडळी या चित्रपटांकडे फिरकत नसत. परळ-लालबागचे कामगार मात्र पाळी संपली की त्यासाठी रांग लावीत. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने १९३५ साली नादियाला घराघरांत पोहोचवले होते, तिचा चाबूक आणि घोडा यांची हवा दक्षिणेतही गेली होती. के. टी. रुक्मिणी या अभिनेत्रीने तमिळ पडद्यावर तशाच धाडसी भूमिका केल्या, आणि त्यांतील १९३७ सालचा ‘मिन्नल्‌कोडी’ गाजला.

१९४० च्या सुमारास भगवानदादांकडे तमिळ चित्रपटांचे दिग्दर्शन आले: ‘जयक्कोडी’ आणि त्यानंतर १९४१ चा ‘वनमोहिनी’. दुसऱ्यात एम. के. राधा आणि सिंहलद्वीपातून आलेल्या तवमणी देवी यांच्या प्रमुख भूमिका होत्या, आणि सोबतीला घनदाट अरण्य व हत्ती. या दोन्ही चित्रपटांचे संगीत भगवानदादांनी आपल्या तरुण मित्रावर सोपवले. वाचकहो, सी. रामचंद्रांसारख्या थोर संगीतकाराच्या कारकिर्दीचा आरंभ मराठी किंवा हिंदी चित्रपटाने झाला नाही, तर तमिळ देमार चित्रपटांनी झाला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

तमिळ ही त्यांची मातृभाषा नव्हती. परक्या भाषेतील गीताला चाल लावणे हे मोठे कठीण काम. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी येते. तमिळमध्ये ‘एदुगै’ नावाचा प्रकार आहे. त्यात ओळींच्या आरंभीच्या शब्दांतील दुसरे अक्षर जुळवतात. म्हणजे आपला कान ओळीच्या अखेरीस विसावा शोधतो, तर तमिळ कानाला आरंभीच खूण पटते. शब्दांचा अर्थ दुभाष्याकडून कळेल, परंतु भाषेचा हा तोल तिच्या ऱ्हस्व-दीर्घातून कानानेच पकडावा लागतो. ज्याने हे एकदा साधले, त्याला पुढे कोणत्याही भाषेतील लयीचे भय वाटू नये हे स्वाभाविकच आहे.

त्या शिदोरीचे फळ पुढे दिसले. १९४२ साली भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ने त्यांचा हिंदीत प्रवेश झाला आणि १९५१ साली ‘अलबेला’ने देशाला वेड लावले. दक्षिणेचे दारही उघडेच राहिले. कोइमतूरच्या पक्षिराज स्टुडिओने १९५४ साली ‘मलैक्कळ्ळन’ हा डाकूच्या कथेवरील चित्रपट काढला. ती कथा एकूण सहा भाषांत पडद्यावर आली. त्यांपैकी हिंदी ‘आझाद’ (१९५५) चे संगीत सी. रामचंद्रांचे. त्याच वर्षी वासन यांच्या ‘इन्सानियत’लाही त्यांचेच संगीत होते. पुढे १९५८ साली वासन यांनी तमिळमध्ये ‘वंजिकोट्टै वालिबन’ व हिंदीत ‘राजतिलक’ असा एकच साहसपट दोन भाषांत काढला आणि दोहोंचे संगीत याच पुणतांब्याच्या गृहस्थांकडे दिले.

त्यातील वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची नृत्यस्पर्धा तमिळ घरांतून आजही आवडीने पाहिली जाते. पी. लीला आणि जिक्की यांचे कंठ एकमेकींना आव्हान देतात, लय पायरीपायरीने चढत जाते, आणि दोघींपैकी एकही हार मानीत नाही. हाती तलवार नाही, तरी ते खरेखुरे द्वंद्वयुद्ध आहे. त्या प्रसंगी खलनायकाने दिलेली दाद तर तमिळ बोलीत म्हणीसारखी रूढ झाली आहे. वेलचेरीच्या भगिनींनी आपल्या कोणाही तमिळ शेजारणीस विचारून पाहावे. ती हसून लगेच म्हणून दाखवील. मात्र त्या प्रसंगाला साज चढवणारा संगीतकार मराठी होता हे तिला कदाचित ठाऊक नसेल. ते सांगण्याचे काम आपले.

हा व्यवहार एकतर्फी नाही. तमिळ देमार चित्रपटांचे आजचे सर्वांत प्रसिद्ध नायक रजनीकांत हे बंगळुरूच्या मराठीभाषक घरात जन्मले. त्यांच्या ‘बाशा’ (१९९५) सारख्या चित्रपटात नायकाच्या आगमनाची धून वाजू लागली की चित्रपटगृह दणाणून जाते. ती धून समजण्यासाठी कोणाला तमिळ शिकावे लागत नाही. मग आपल्या चिरंजीवाला आसामी गाण्याची गोडी लागली तर त्यात चिंतेचे कारण काय? उलट त्याच्या शेजारमित्राला त्या गाण्याचा अर्थ विचारावा. ढोल, म्हशीच्या शिंगाचा पेपा आणि बांबूची गगना ही बिहूची वाद्ये कशी वाजतात ते ऐकावे. चार आसामी शब्द त्याला येतील आणि चार मराठी शब्द त्या मुलाला. अशा देवाणघेवाणीसाठी समित्या नेमाव्या लागत नाहीत.

गाणे ऐकणे आणि चित्रपट पाहणे यांत मात्र भेद करावा. हिंसेची दृश्ये बालमनावर खोल उमटतात. म्हणून प्रत्येक चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर दृष्टी टाकण्याची सवय ठेवावी. २०२४ च्या नव्या नियमांनुसार ‘यूए’ या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आहेत. त्या वयाखालील मुलाला चित्रपट दाखवावा की नाही, हे आईबापांनी विचारपूर्वक ठरवावयाचे असते. बारा वर्षांच्या मुलास तेरा वर्षांची खूण असलेला चित्रपट दाखवावयाचा असेल, तर तो आपण आधी पाहावा किंवा त्याच्या शेजारी बसून पाहावा.

शेवटी एक हुरहूर लावणारी गोष्ट सांगितली पाहिजे. भगवानदादांच्या त्या स्टंटपटांपैकी बहुतेक आज कोणासही पाहता येत नाहीत. गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या फिती जळून गेल्या. ‘अलबेला’सारखे मोजकेच वाचले. ‘जयमती’चीही काही रिळे तेवढी हाती लागली, ती भूपेन हजारिकांनी १९७६ सालच्या आपल्या माहितीपटात जतन केली, म्हणून आज निदान तेवढे दिसते. देमार चित्रपट हलके समजले गेले, त्यामुळे त्यांची निगा राखावी असे कोणास वाटले नाही. ज्या कामगारांनी ते डोक्यावर घेतले, त्यांच्या आवडीनिवडीची कागदोपत्री नोंदही फारशी उरली नाही. अशा वेळी फिती जळाल्या तरी मागे राहतात त्या दोनच वस्तू: चित्रपटगृहाच्या दारात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका आणि घरातील तबकडी.

म्हणून आमची सर्व वाचकांस विनंती आहे. आपल्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या कपाटाच्या तळाशी अशी एखादी पुस्तिका वा तबकडी असेल, तर ती रद्दीत घालू नका. भाषा कोणतीही असो, चित्रपट कितीही सामान्य वाटो. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अशा वस्तूंचा संग्रह करते. तेथे चौकशी करावी. पुस्तिकेवर संगीतकाराचे, गायकांचे नाव असते, गीतांचे शब्द असतात. एखाद्या हरवलेल्या चित्रपटाविषयी उद्याच्या अभ्यासकास तेवढाच आधार मिळेल. पावसाळ्यापूर्वी घर आवराल तेव्हा हे ध्यानी असू द्यावे, आणि काही सापडल्यास आम्हांस अवश्य कळवावे.