जंतूंची पाठचिकित्सा

महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. सी. सुकथनकरांनी जी पद्धत अवलंबिली, तिचे एक सूत्र असे की समान चुका असलेली हस्तलिखिते बहुधा एकाच कुळातली असतात. क्षयाच्या जंतूचे जनुकीय क्रमवाचन याच सूत्रावर चालते. सुमारे 44 लाख अक्षरांची ही पोथी 1998 साली प्रथम समग्र वाचली गेली. तिच्यात सरासरीने दोनेक वर्षांत एखादे अक्षर बदलते. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत पाचांहून अधिक अक्षरांचा फरक नसेल, तर संसर्ग अलीकडचा मानतात. फरक इतकाच की पोथीतली चूक हा दोष असतो. इथे मात्र योग्य जागी झालेल्या एका चुकीने रिफाम्पिसिन निकामी होते आणि जंतू तगतो.

औषधाला न जुमानणारा क्षय म्हटला की आपले बोट आधी रुग्णाकडे जाते. गोळ्या मध्येच सोडल्या असणार! सरकारी दप्तरात अशा रुग्णाला कित्येक वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत. कर्जबुडव्याला लावायचा शब्द खोकणाऱ्या माणसाला लावला गेला. क्रमवाचनाचे खरे मोल मला इथे दिसते. बोईसरच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दोन कामगारांच्या जंतूंत प्रतिकाराचे बदल तेच आणि उरलेला मजकूरही जवळजवळ तोच निघाला, तर दुसऱ्याने गोळ्या बुडवल्या म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही. त्याला मिळालेला जंतूच बहुधा तसा होता. मग प्रश्न त्याच्या शिस्तीचा न राहता खोलीच्या खिडकीचा होतो.

शिवाय बुडवतो कोण? मार्च 2024 मध्ये पुरवठा लांबल्यामुळे केंद्राने राज्यांना क्षयाची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास कळवले होते. तारापूरच्या वसाहतीत तर औषधांचेच कारखाने आहेत.

2022 पासून देशात क्षयजंतूंच्या क्रमवाचनाचा मोठा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. त्यात पालघरसारख्या जिल्ह्याला ठळक जागा हवी. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तारापुरात परप्रांतीय कामगार येतात, आणि 2013 पासून डहाणूपर्यंत धावणारी लोकल हा सारा टापू मुंबईला जोडते. त्या मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जवळपास सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवल्याला दशकाहून अधिक काळ लोटला.

अडचण वेळेची आहे. संपूर्ण वाचनासाठी बहुधा जंतू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. तोवर भट्टीवरचा माणूस पुढच्या भट्टीवर गेलेला असतो. म्हणून थुंकीच्या नमुन्यासोबत आणखी एक कागद जावा, असे मला वाटते: कोणती खोली, कोणती पाळी, गेल्या हंगामात कोणती भट्टी. सुकथनकरांनाही पोथी कुठल्या प्रांतातून आली, हे आधी विचारावे लागत असे.