मोबाईल आपला, काम सरकारचे



मोबाईल वाईट, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पारावर बसून "या डबड्याने पोरे बिघडली" म्हणणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात तेव्हा त्यांच्याही खिशात डबडे वाजत असते. शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला तेव्हा शहाण्या लोकांनी बैलांसाठी गळा काढला, संकरित ज्वारी पेरली तेव्हा गावरान भाकरीच्या चवीसाठी. ज्यांना औत हाकायचे नसते त्यांना जुने ते सोने वाटते. तेव्हा मोबाईलचे जे बोलायचे ते त्याचे उपकार मान्य करूनच बोलू.

देशातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ ला लागला तो पुढाऱ्यांचा. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी फोन करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही पडत. आलेला फोन फुकट झाला २००३ साली. त्याच वर्षी नोकियाचा ११०० निघाला, ज्याच्या डोक्यावर बॅटरी होती. शेतकऱ्याने तो घेतला तो बोलण्यासाठी जितका, तितकाच रात्री मोटारीवर जाताना पायाखालचा साप दिसावा म्हणून. आपल्या गरजेची वस्तू कोणती हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला विचारा. विजेची पाळी रात्रीची असली की मध्यरात्री उठून शेत गाठायचे, आणि वीज नसली तर मोटारीच्या खोलीत डास मारीत बसायचे. आता ऑटोस्टार्टरच्या डबीत सिम घातले की घरून फोन लावायचा, बटण दाबायचे, मोटार सुरू. वीज आली की डबीच फोन करून सांगते. नवरा रात्री शेतात गेला की घरच्या बाईचा डोळा लागत नसे. तिला विचारले तर या एका डबीसाठी ती मोबाईलचे सगळे अपराध माफ करील. (त्या डबीतल्या सिमलाही रिचार्ज लागतो बरे का. मोटारीला कोणाशी गप्पा मारायच्या असतात ते कंपनीलाच ठाऊक.)

ज्वारी दाण्यात भरली की पूर्वी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, घसा फोडायचा. आता मोबाईलवर आपलीच हाळी भरून घ्यायची आणि बॅटरीवरच्या भोंग्यावर लावून द्यायची. पाखरे चार दिवसांत हुशार होतात, मग आवाज बदलायचा. रानडुकरांसाठीही हाच भोंगा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा धोका सांगते. जूनमध्ये पेरणीच्या घाईत झाडाखाली थांबणाऱ्याला ती सूचना जिवाच्या मोलाची आहे.

आणि भाव. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन आला की पूर्वी तो सांगेल तो भाव. आज त्याच्यासमोर उभे राहून अकोटला, सेलूला, हिंगणघाटला फोन लावता येतो. ग्रुपवर फिरणाऱ्या पावत्यांवर मात्र तारीख आधी पाहावी. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस बारा हजारांच्या वर गेला होता. त्या भावाचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरला की घरात ठेवलेल्या कापसाला नसलेली आशा लागते. भाव कळणे आणि भाव मिळणे यांत अंतर आहेच. पण भाव कळल्याने व्यापाऱ्याची जीभ थोडी तरी सांभाळून चालते.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. बटण आपण दाबतो, आपल्या कामासाठी, आपल्या सवडीने. नाही दाबले तर आपले काही अडत नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या मोबाईलबद्दल. यंत्र तेच, खिसा तोच, पण तिथे हुकूम दुसऱ्याचा असतो.

पीक पाहणी घ्या. शेतात कोणते पीक आहे याची नोंद तलाठी करीत असे. चावडीत बसून करी, ज्वारीच्या शेतात कापूस लिही, हे सगळे आपण पाहिले आहे. त्यामुळे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच करायची ठरली, यात वाईट काही नव्हते. आपले पीक आपल्या शब्दावर सातबाऱ्यावर चढणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी कॅमेऱ्याचा मोबाईल पाहिजे, शेतात उभे राहून फोटो काढता आला पाहिजे, आणि तो पुढे जायला रेंज पाहिजे. भर दुपारी उन्हात पडद्यावर अक्षर दिसत नाही. ओल्या किंवा मातीने भरलेल्या बोटाला पडदा दाद देत नाही. सगळे जमले तर अ‍ॅपचे गोल चक्र फिरत राहते, कारण त्याच वेळी आणखी हजारो लोक बांधावर उभे असतात. तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. काम मात्र आपल्याकडे आले, आणि पगार आला नाही.

अंगठ्याची गोष्ट तर सर्वांच्या घरची आहे. ज्या बोटांनी जन्मभर कापूस वेचला, निंदण केले, त्यांच्या रेघा उरत नाहीत. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे. पीएम किसानच्या सहा हजारांसाठी ई-केवायसी सक्तीचे केले, मग बोटे जुळेनात म्हणून २०२३ साली चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय काढली. सोय चांगली, पण तीही मोबाईलवरच. राबल्याने बोटे झिजली हाच शेतकरी असल्याचा पुरावा मानायला हवा होता. इथे तोच पुरावा विरोधात जातो.

ओटीपीचे तर विचारू नका. जमीन आईच्या नावावर, आधारला जोडलेला क्रमांक पोराचा, आणि पोरगा पुण्यात कंपनीत. सेतूवर आई उभी, ओटीपी पुण्यात, पोराची ड्युटी सुटेपर्यंत त्याची मुदत संपलेली. कोणी रिचार्ज न करता क्रमांक सोडून दिलेला असतो. नव्वद दिवस वापर झाला नाही की क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळतो. मग आपल्या शेताचा ओटीपी जातो अनोळखी माणसाकडे. बँक बजावते की ओटीपी कोणालाही सांगू नका. सेतूवाला म्हणतो, ओटीपी सांगा, लवकर. त्या म्हातारीने कोणाचे ऐकावे? ठकसेन मंडळी हाच गोंधळ पाहून फोन करतात, आणि फसलेल्याला वर शहाणे लोक अडाणी म्हणतात.

कापसाचे उदाहरण ताजे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये ठरला. खुल्या बाजारात भाव त्याखाली होता, त्यामुळे सगळ्यांना सीसीआयकडे जाणे भाग होते. तिथे जायला 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची केली. आधार, सातबारा, पीकपेरा, ओटीपी, मग कापूस आणण्याच्या दिवसाचे बुकिंग. ठोक्याने किंवा बटाईने शेत करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, त्याने काय चढवावे? नोंदणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली यातच सारे आले. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ ला, कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क माफ झाले आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. परदेशी गाठींना कोणी ओटीपी विचारला नाही.

कोणी म्हणेल, अ‍ॅपशिवाय चोरी होते, बोगस नावे घुसतात. असेल. पण अ‍ॅपशिवाय चालतच नाही हे खरे नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, २०२४ साली जाहीर झाले. अट होती ई-पीक पाहणीच्या नोंदीची. ज्यांची नोंद नव्हती त्यांनी ओरड केली, आणि मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल त्यांनाही पैसे द्यायचे ठरले. म्हणजे कागद चालतो. फक्त ओरड करावी लागते.

या सगळ्याचा खर्च कोणाच्या अंगावर? मोबाईल आपला, रिचार्ज आपला, सेतूचे पन्नास-शंभर आपले, बुडालेली मजुरी आपली. कंपनीचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दरही वाढवले. ज्याला नुसते बोलायचे आहे त्याने एक लक्षात ठेवावे. 'ट्राय'च्या डिसेंबर २०२४ च्या आदेशाने नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे, इंटरनेट नसलेले पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावे लागते. ओटीपीपुरता फोन चालू ठेवायला तेवढे पुरते.

अ‍ॅप बंद करा, अशी मागणी कोणी करू नये. ज्याला जमते त्याने घरबसल्या काम उरकावे, रांग तेवढी कमी होईल. मागणी इतकीच, की अ‍ॅप असावे पण अ‍ॅपच असू नये. ज्या कामाला अ‍ॅप आहे त्या कामाचा कागदी अर्ज तलाठी कार्यालयात, खरेदी केंद्रावर, बँकेत घेतला जावा आणि त्याची शिक्का मारलेली पोच मिळावी. सर्व्हर बंद होता तो दिवस मुदतीत धरू नये. बोट जुळले नाही तर 'जुळले नाही' असे लिहून द्यावे. तसे लिहून मिळत नाही म्हणून तर आपले म्हणणे कोठेच टिकत नाही.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी, किती खेटे झाले, सेतूवर किती पैसे गेले आणि काम झाले की नाही, एवढेच तीत लिहायचे. बाईच्या नावावर जमीन असेल तर तिच्या नावानेच लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या पोरीला सांगावे. ई-पीक पाहणीचा फोटोही बहुतेक तिनेच काढलेला असतो.